दोन कार्डांपैकी बिघडलेलं कोणतं?

एका संगणकात दोन ग्राफिक्स कार्डं बसवण्याची रीत आयबीएमच्या पहिल्या पीसीइतकी जुनी आहे. १९८१ साली त्या पीसीसाठी दोन कार्डं मिळत: फक्त अक्षरं दाखवणारं एमडीए आणि रंगीत चित्रं काढणारं सीजीए. दोघांच्या मेमरीचे पत्ते वेगळे होते, म्हणून ती एकाच डब्यात सुखाने नांदत. प्रोग्रॅमर मंडळी रंगीत पडद्यावर प्रोग्रॅम चालवत आणि शेजारच्या एकरंगी पडद्यावर डीबगर. बिघाड ओळखणंही सोपं होतं. प्रत्येक कार्डाला स्वतःचा मॉनिटर, त्यामुळे जो पडदा काळा त्याच्याच कार्डावर पहिला संशय. मशीन सुरू होताना एक लांब आणि दोन आखूड बीप वाजले, की कारागीर थेट डिस्प्ले कार्डाला हात घालत.

दोन कार्डं मिळून एकच चित्र काढू लागली आणि खरी अडचण सुरू झाली. १९९८ साली थ्रीडीएफएक्सची व्हूडू२ कार्डं आली. दोन कार्डं छोट्या रिबन केबलने जोडायची. चित्रातल्या सम ओळी एकाने काढायच्या, विषम दुसऱ्याने. एकटं कार्ड ८०० × ६०० पर्यंत जाई, जोडी १०२४ × ७६८ गाठे. व्हूडू२ला साधा डेस्कटॉप दाखवता येत नसे, म्हणून तिसरं साधं कार्डही लागे आणि त्याचा सिग्नल बाहेरच्या केबलने व्हूडूतून फिरून मॉनिटरकडे जाई. पडदा काळा झाला तर तीन कार्डं आणि सगळ्या केबली तपासायच्या. मात्र जोडीतलं एक कार्ड चुकीचं चित्र काढू लागलं, तर दर दुसरी ओळ बिघडे आणि चित्रावर फणी फिरवल्यासारखे पट्टे दिसत. दोष निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

पुढची वाटणी जास्त फसवी निघाली. एक अख्खी फ्रेम या कार्डाने काढायची, पुढची त्या कार्डाने. एटीआयने १९९९ च्या रेज फ्युरी मॅक्समध्ये एकाच कार्डावरच्या दोन चिपांना हे काम दिलं. विंडोज २००० वर त्यातली दुसरी चिप चालतच नसे. कार्ड धडधाकट, अडचण सॉफ्टवेअरची. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली आणि व्हूडू२च्या जोडणीचं एसएलआय हे नाव २००४ मध्ये दोन कार्डं जोडण्याच्या नव्या तंत्रासाठी वापरलं. २००५ मध्ये त्याच धर्तीचं एटीआयचं क्रॉसफायर आलं. या दोन्हींतही बहुतेकदा फ्रेमांची हीच आळीपाळीची वाटणी असे.

बिघाड शोधणाऱ्याला सर्वांत जास्त छळलं ते याच पिढीने, असं माझं ठाम मत आहे. सेकंदाला साठ फ्रेम असतील तर आजारी कार्डाच्या तीसच. त्यातले रंगीत ठिपके आणि फाटलेले त्रिकोण चांगल्या फ्रेमांच्या मधे येऊन जातात, आणि दिसतं ते नुसतं लुकलुकणं. मग मॉनिटर बदलला जातो, केबल बदलली जाते, ड्रायव्हर तीनदा टाकला जातो. शिवाय दोन्ही कार्डं निरोगी असूनही फ्रेममधलं अंतर कमीजास्त झालं की चित्र अडखळे. तो बिघाड नव्हताच, पद्धतीचा स्वभाव होता. सुरुवातीच्या कित्येक एसएलआय मदरबोर्डांवर दोन स्लॉटांच्या मधे एक चिमुकलं उलटसुलट बसणारं कार्ड असे. ते ‘एक कार्ड’ या बाजूने राहिलं, की दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाला माहिती वाहणाऱ्या पुरेशा लेन मिळत नसत.

उष्णतेचा प्रश्न वेगळाच. टॉवर कॅबिनेटमध्ये वरच्या कार्डाला खालच्याची तापलेली हवा ओढावी लागते. तापणं-निवणं वर्षानुवर्षं चाललं, की चिपखालचे बारीक सांधे तडकतात. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांमधल्या कमकुवत सामग्रीपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. लोक मेलेली कार्डं घरच्या ओव्हनमध्ये भाजून जिवंत करू पाहत. ती जगली तरी थोडे दिवस. आणि अन्न शिजवायच्या ओव्हनमध्ये असलं काही घालू नये.

गेमसाठी दोन कार्डं जोडण्याची ही रीत आता संपली आहे. २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवे प्रोफाइल देणं थांबवलं आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर जोडणीची जागाच ठेवली नाही. दोन कार्डं आज दिसतात ती थ्रीडी रेंडरिंगच्या आणि एआयच्या मशीनांत. तिथेही एक खाच आहे. कार्डं वेगवेगळ्या मॉडेलची असतील, तर कूडा ही एनव्हिडियाची गणनेची प्रणाली वेगवान कार्डाला शून्य क्रमांक देते आणि कार्डांची स्थिती दाखवणारं एनव्हिडिया-एसएमआय हे साधन स्लॉटच्या बसनुसार क्रम लावतं. म्हणून चूक दाखवणारं ‘कार्ड शून्य’ नेमकं कोणतं, हे बसच्या पत्त्यावरून ताडून पाहिल्याशिवाय डबा उघडू नका.

उघडल्यावर मात्र पहिल्या पीसीच्या काळातली शिस्तच कामाची. मशीन बंद करून वीज तोडा, दोन्ही कार्डं काढा. एकच कार्ड वरच्या स्लॉटमध्ये लावून पुरेसा वेळ ताण द्या. मग त्याच स्लॉटमध्ये, त्याच पॉवर केबलवर दुसरं. दोष कार्डाबरोबर फिरला तर कार्ड खराब. दोन्ही कार्डांना तिथे तोच त्रास झाला, तर आधी खालचा स्लॉट आणि मग दुसरी केबल लावून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे केल्याशिवाय कोणतंही कार्ड भंगारात देऊ नका. त्यात चांगली कार्डंही जातात.