तिमाही ताळेबंद

घरी येऊन आजाऱ्याची सेवा करणारी छोटी संस्था चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं? आम्ही पडलो कॉमर्सवाले. आधी वह्या मागणार! पण लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची गोष्ट ऐका.

१८५९ साली त्याची पत्नी आजारपणात वारली. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने केली होती. रॅथबोनने तिलाच पगार देऊन गरिबांच्या घरोघरी पाठवलं. मुदत तीन महिने. संस्था केवढी, तर एक बाई! शिपाईसुद्धा नाही.

महिन्याभरात बाई रडत परत आल्या. ही हलाखी बघवत नाही, मला मोकळं करा. आमच्या साहेबांनी हे खातं तिथल्या तिथे बुडीत धरलं असतं. रॅथबोनने ऐकून घेतलं, धीर दिला, मुदत पुरी करायला लावली. तीन महिने संपले, आणि बाई म्हणाल्या, आता हेच काम करायचं! पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेऊन त्याने परिचारिकांची शाळा काढली. शहराचे १८ विभाग पाडून तिथे परिचारिका नेमल्या.

तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी संस्था निवडताना दरपत्रक बघाच. शिक्षण वाया कशाला घालवा? पण एवढंही विचारा, की तुमच्याकडची बाई टिकते किती दिवस, आणि डोळ्यांत पाणी घेऊन आली तर तिचं ऐकतं कोण? मालक उत्तरासाठी फाइल शोधू लागला, की आपण चपला पायांत सरकवाव्यात.