ग्वाल्हेरचे पेले

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात दिवेलागणीच्या सुमारास एक फेरी मारावी. सज्जांखालच्या दुकानांतून चांदीचे पेले, तांब्ये, अत्तरदाण्या चमकत असतात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचे शहर झाले, तरी नाव लष्कर हेच राहिले. इथली चांदी पाहिली की मला दोन पेये आठवतात. एक खालच्या राजवाड्यातले आणि दुसरे वरच्या किल्ल्यातले.

राजवाड्यातले पुष्कळांच्या ऐकिवात असेल. जयविलास प्रासादाच्या भोजनगृहात लांबलचक मेजावर रूळ घातलेले असून त्यांवरून चांदीची चिमुकली आगगाडी फिरत असे. तिच्या डब्यांत मद्याची काचपात्रे आणि चिरूट. पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबे, जागेवर ठेवले की पुन्हा निघे. सराफ्यात कसबी हातांची वाण नसताना ही गाडी मात्र विलायतेत घडली, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

किल्ल्यातल्या पेयाचे नाव पोस्त. औरंगजेबाच्या काळात दिल्लीस राहिलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने त्याची कृतीच लिहून ठेवली आहे. अफूची बोंडे कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालीत आणि सकाळी त्या पाण्याचा मोठा पेला राजबंद्यापुढे ठेवीत. तो रिचविल्याखेरीज अन्न मिळत नसे. अंग झडत जाई, बुद्धी मंदावे, आणि तलवारीला रक्त न लागता एक वारस कमी होई. 1661 च्या आरंभी दाराचा मुलगा सुलेमान शिकोह याला दरबारात उभे केले, तेव्हा बर्निए तेथे हजर होता. पोस्तच पाजायचे असेल तर मला आत्ताच ठार करा, अशी त्या तरुण राजपुत्राने विनंती केली. पोस्त देणार नाही, असे बादशहाने वचन दिले. राजपुत्राला ग्वाल्हेरला धाडण्यात आले आणि 1662 मध्ये तो या किल्ल्यातच मरण पावला.

हाच बर्निए आणखी एका पेयाविषयी लिहितो. बंगालमधले युरोपीय खलाशी गुळाच्या मळीची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि जायफळ यांचे मिश्रण पीत. चवीला बरे, परंतु प्रकृतीला अत्यंत घातक, असा त्याचा अभिप्राय आहे. त्यापेक्षा चांगली द्राक्षाची वाइन माफक घ्यावी, वाईट हवेपासून ती रक्षण करते, असे त्याचे मत होते. आजचे वैद्यक हे दुसरे मत मान्य करणार नाही. पहिल्याला मात्र आक्षेप घेणार नाही. हे मिश्रण म्हणजेच ‘पंच’. 1670 नंतरच्या दशकात मुंबई-सुरतेकडे राहिलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने गोव्याच्या दारूची थोरवी सांगताना हे नाव आपल्या ‘पाच’ या अंकावरून आले असे नोंदविले आहे. दारू, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी असे ते पाच. काही विद्वानांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता या पाचांतून दारू आणि साखर या दोघांना रजा द्यावी. दारूच्या जागी कोरडी पांढरी वाइन घ्यावी. कोरडी म्हणजे जिच्यातली द्राक्षाची साखर आंबताना बहुतेक संपून गेली आहे अशी. तिच्यात लिटरमागे सुमारे 4 ग्रॅम किंवा त्याहूनही कमी साखर उरते. आपल्या नाशिककडे ती आता होते. तिच्यात संत्र्याच्या आणि पेरूच्या पातळ चकत्या घालून दोन तास थंड जागी ठेवावे, म्हणजे फळाचा गंध आणि किंचित गोडी आपोआप उतरते. वाढण्यापूर्वी पुदिन्याची पाने तळहातावर एकदाच थापटून टाकावी. चुरडली तर कडवटपणा येतो. गवती चहाची एखादी काडी चालेल. तुळस मात्र नको. आमच्या घरात तिचे स्थान नैवेद्यावर आहे. शेवटी वाइनइतकाच सोडा आणि लिंबाची एक फोड. अर्धा पेला पाणीच असल्याने पेय हलके राहते.

आणि एखादा पाहुणा नको म्हणाला, तर वाइन वगळून तीच फळे, तोच पुदिना, तोच सोडा त्याच पेल्यातून द्यावा. एवढे ‘नको’ म्हणण्यासाठी सुलेमान शिकोहला बादशहापुढे मरण मागावे लागले होते.