शेणाच्या टोपलीवर चाललेलं इंजिन



१९७३ चा ऑक्टोबर महिना गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना आठवत असेल. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि चार-सहा महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. लढाई तिकडे पश्चिम आशियात, पण डिझेल, रॉकेल आणि युरियाची टंचाई आपल्या बांधापर्यंत येऊन पोचली. पंपाचं इंजिन आपल्या विहिरीवर असलं तरी त्याची चावी परक्याच्या हातात आहे, हे तेव्हा कळलं.

शेणातला गॅस काही नवा नव्हता. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याचा गॅस काढून दिवे लावले होते. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगानं गोबर गॅस गावोगाव नेला. पण घरच्या संयंत्राला दारात चार-पाच जनावरं हवीत. ज्याच्या गोठ्यात एकच म्हैस, त्यानं काय करावं?

याचं उत्तर कर्नाटकात, तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा नावाच्या लहानशा गावात शोधलं गेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली खेड्यांच्या कामासाठी ‘अस्त्र’ हा विभाग काढला होता. त्या मंडळींनी पुऱ्यातली जनावरं, सरपण, पाणी, सगळ्याची मोजदाद केली. गावाचा मिळून एक गॅस करायचा आणि तो चुलींना द्यायचा, हा पहिला बेत. तो फसला! साऱ्या चुली पेटतील एवढं शेणच गावात नव्हतं.

मग त्यांनी गावालाच विचारलं, तुम्हाला आधी काय पाहिजे? लोक म्हणाले, पाणी. (हे आधीच विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आपल्याला वाटणारच.) १९८७ पासून तो गॅस डिझेल इंजिनात जाऊ लागला. त्यावर वीज तयार झाली, बोअरचं पाणी नळाला आलं आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागले.

एक गोष्ट ध्यानात घ्या. अशा इंजिनात नुसता गॅस पेट घेत नाही. ठिणगीचं काम करायला थोडं डिझेल लागतंच. पण मोठा भार गॅस उचलतो आणि डिझेलचा बराचसा खर्च वाचतो.

आता खरी मेख बघा. ‘आमचं शेण नेता, मग आमच्या खताचं काय?’ हा प्रश्न कुठल्याही गावात येणारच. पुऱ्यात शेण तोलून घेत, आणून टाकणाऱ्याला किलोमागे थोडे पैसे देत. टोपल्या आणणाऱ्या बहुतेक बायका आणि पोरं. तो पैसा त्यांच्या हातात पडे. गॅस निघाल्यावर उरलेली रबडी वाळूच्या थरावर गाळून ज्याच्या त्याच्या वाट्यानं परत मिळे. शेणातलं नत्र त्या रबडीत टिकून राहतं, म्हणून खताला तोटा नाही. नळाची आणि दिव्याची वर्गणी गावची सभा गोळा करी, इंजिन गावातलीच तरुण पोरं चालवत.

नव्वदीच्या दशकातही हे काम चालू होतं. तुमच्या वस्तीत जमेल का? ताज्या शेणाच्या एका किलोमागे साधारण ३५ ते ४० लिटर गॅस धरा. आधी गोठ्यात पडणारं शेण आठवडाभर तोलून बघा. रानात पडलेलं मोजू नका, आणि गोवऱ्या थापायला कोण किती ठेवणार, हे घरच्या बायकांना विचारून मगच आकडा लिहा.