सामान वेगळ्या बोटीने

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बसून आठवडाभर मी लंडनची तिकिटं शोधतेय. आईला किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर पाहायचंय. बाबासाहेब १९२१-२२मध्ये तिथे राहत. मँचेस्टरपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे, हे मला सर्वांत स्वस्त सापडलं. पण रेल्वेचं सवलतीचं तिकीट त्याच गाडीपुरतं. विमानाला उशीर झाला, की पैसे बुडाले.

जोडप्रवासातला धोका जुनाच. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब लंडनहून निघाले. मार्सेपर्यंत रेल्वे, पुढे 'कैसर-ए-हिंद' बोट. सामान मात्र वेगळ्या बोटीने. महायुद्ध चालू होतं. बोट टॉर्पेडोने बुडाल्याची बातमी आली, तेव्हा घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बुडाली होती ती सामानाची बोट. बाबासाहेब ऑगस्टमध्ये सुखरूप पोचले. पुस्तकं समुद्रात गेली. भरपाई मिळाली ६०० रुपये. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याचा खर्च त्यातूनच भागला.

राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. गाठीला साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं ५००० रुपयांचं कर्ज.

आईला हे सांगितलं. म्हणाली, "सामान जवळच ठेवू. आणि मँचेस्टरला एक रात्र थांबू, गाडी दुसऱ्या दिवशीची घे."

मुक्कामाचे पैसे धरूनही हिशेब थेट विमानाच्या खालीच राहिला.