डुवॉमिश नदीकांठचें ऋण

अमेरिकेच्या वायव्य भागांत, वॉशिंग्टन संस्थानाच्या किनाऱ्यावर, सिअ‍ॅटल हें संपन्न नगर वसलेलें आहे. नगराला ज्याचें नांव मिळालें तो सरदार डुवॉमिश व सुक्वॉमिश या मूळ रहिवाशांचा पुढारी होता. १८५५ सालीं पॉइंट इलियट येथें झालेल्या तहानें या लोकांची भूमि गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेली. त्यानंतर अवघ्या १० वर्षांनीं, त्याच सरदाराचें नांव मिरविणाऱ्या नगरानें मूळ रहिवाशांना गांवांत राहण्यास मनाई करणारा नियम केला. डुवॉमिश नदीच्या कांठचा अन्याय इतका जुना आहे.

ही नदी मूळची वांकड्यातिकड्या वळणांची, भरती-ओहोटीच्या दलदलींनीं वेढलेली होती. १९१३ सालीं तिचा प्रवाह सरळ करण्याचें काम सुरू झालें आणि मोठीं जहाजें आंत यावींत असा सुमारें ५ मैलांचा खोल जलमार्ग तयार झाला. १९१६ सालीं वॉशिंग्टन सरोवराची पातळी सुमारें ९ फुटांनीं उतरविण्यांत आली; त्यामुळें डुवॉमिशला त्या सरोवराचें पाणी आणून देणारी ब्लॅक नदी कोरडी पडली. पुढें कांठावर कारखाने व गोद्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धांतील बी-१७ जातीचीं बाँबफेकी विमानें येथेंच बांधलीं गेलीं. उद्योगांची भरभराट झाली. त्यांचीं विषें मात्र नदीच्या गाळांत सांचत राहिलीं.

या कांठावर साउथ पार्क व जॉर्जटाउन या वस्त्या आहेत. जेथें एके काळीं इटालियन व जपानी शेतकऱ्यांचे मळे होते, तेथें पुढें परदेशांतून आलेल्या श्रमजीवी कुटुंबांनीं आसरा घेतला. २००१ सालीं मध्यवर्ती सरकारच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें नदीचा हा खालचा भाग देशांतील अत्यंत दूषित स्थळांच्या यादींत घातला. गाळांत पीसीबी नांवाचीं रसायनें, आर्सेनिक व डायॉक्सिन आढळलीं. नदींतच वाढणारे मासे व खेकडे खाऊं नयेत, अशी ताकीद आरोग्यखात्यास द्यावी लागली. २०१३ सालच्या एका पाहणीप्रमाणें येथील सरासरी आयुर्मान नगराच्या सरासरीहून सुमारें ८ वर्षांनीं, आणि लॉरेलहर्स्ट या धनिक वस्तीहून सुमारें १३ वर्षांनीं कमी भरलें. एकाच नगराच्या हद्दींतला हा भेद आहे.

नदीच्या शुद्धीकरणाचा भार ज्यांच्यावर आला, त्यांत नगरपालिका, किंग परगणा व बोइंग कंपनी यांच्याबरोबर १९११ सालीं स्थापन झालेलें सिअ‍ॅटलचें बंदर-मंडळही आहे. २०१४ सालीं ठरलेल्या योजनेचा खर्च ३४ कोटी २० लक्ष डॉलर धरला होता. परंतु गाळ उपसल्यानें सर्व प्रश्न सुटत नाहीं. नदी स्वच्छ झाली कीं जमिनीचे भाव चढतात, भाडीं वाढतात, आणि ज्यांनीं विष सोसलें त्यांनाच घर सोडावें लागण्याचें भय उत्पन्न होतें. म्हणून २०१९ सालीं बंदर-मंडळानें केलेला ठराव महत्त्वाचा आहे. रहिवाशांशीं कायमचा विचारविनिमय, निरोगी परिसर, आणि लोक आहेत तेथेंच त्यांचा उत्कर्ष, हे त्याचे उद्देश होत. जेथें पूर्वीं डांबराचा कारखाना होता, ती दूषित जागा साफ करून तेथें २०२२ सालीं लोकांसाठीं नदीकांठचें उद्यान खुलें झालें.

दुर्बल वस्त्यांवर प्रदूषणाचा अधिक भार पडूं नये, यासाठीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं १९९४ सालीं सर्व मध्यवर्ती खात्यांना आज्ञा दिली होती. ती २०२५ सालीं रद्द झाली. त्यामुळें स्थानिक संस्थेनें दिलेल्या वचनाची जबाबदारी अधिकच वाढली आहे. १८५५ च्या तहांतही वचनें होतीं. तीं कशीं पाळलीं गेलीं, हें डुवॉमिश लोक जाणतात. आजच्या वचनाची परीक्षा उद्यानाच्या शोभेनें व्हावयाची नाहीं. साउथ पार्कमधील मुलें मोठीं होऊन, त्याच घरांत राहून, त्याच नदींतला मासा निर्धास्तपणें खाऊं शकलीं, तरच तें ऋण फिटलें असें म्हणतां येईल.