आंबिल ओढा पर्वतीपाशी का वळतो?

टोपोशीट म्हणजे प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर चिकटवायचं चित्र, असं वाटत असेल तर आज एक प्रयोग करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, एक इंचाला एक मैल प्रमाणाच्या पुण्याच्या दोन जुन्या शीट घ्या: ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५. दोन का? कारण त्यांची सामाईक कड, १८°३०′ अक्षवृत्त, पर्वती आणि सारसबाग यांच्या मधून जाते. आपली गोष्ट नेमकी या सांध्यावर आहे. एकच शीट पाहिलीत तर अर्धी गोष्ट निसटते.

आता आंबिल ओढ्यावर बोट ठेवा. कात्रजकडून तो उत्तरेला येतो. तसाच पुढे गेला असता तर जुन्या पेठांत शिरला असता. पण पर्वतीपाशी तो डावीकडे वळतो आणि मुठेला मिळतो. असं वळण दिसलं की विचारायचं: हे खडकामुळे की माणसामुळे?

इथे माणसामुळे. जुनं पुणं नागझरी आणि आंबिल ओढा यांच्या मधे वसलेलं. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं आणि ओढा वळवला गेला. वाढत्या शहराला पश्चिमेकडे जागा मिळाली. ते तळं आज नाही. पण त्यातल्या बेटावरच्या देवळाला पुणेकर अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पाणी गेलं, नाव राहिलं. अशी नावंही पुरावाच असतात.

दोन पथ्यं मात्र पाळा. एक, नकाशा फक्त सर्वेक्षणाच्या वर्षाची साक्ष देतो. ते वर्ष समासात बघा. ओढा कुणी, कधी वळवला हे कागदपत्रंच सांगतात, आणि त्यासाठी पेशवे दफ्तर पुण्यातच आहे. दोन, १:६३,३६० या प्रमाणात नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर. तेव्हा निळ्या रेषेची जाडी मोजून पात्राची रुंदी काढू नका!

हा खटाटोप कशासाठी? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर परिसरात घरांत पाणी घुसलं, माणसं दगावली. एरवी ज्याला आपण 'नाला' म्हणून नाक मुरडतो, त्याला डोंगरातून किती ओहोळ येऊन मिळतात, हे टोपोशीटवर बोटाने मोजता येतं.

तुमच्या गावाची शीट काढा. न पटणारं एखादं वळण शोधा. संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.