तळटीप : हनन्या व सप्पीरा
१. ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय ५. या दांपत्याचा अपराध जमीन विकून आलेल्या रकमेतील काही राखून ठेवल्याचा नव्हे, कारण विकण्यापूर्वी जमीन त्यांचीच होती आणि विक्रीनंतर तिची किंमतही त्यांच्याच अखत्यारीत होती, हे पेत्र स्वतःच स्पष्ट करतो. अपराध आहे तो तिचा अंश प्रेषितांच्या चरणी ठेवून तीच संपूर्ण किंमत असल्याचे भासविण्याचा. ‘राखून ठेवणे’ यासाठीच्या मूळ ग्रीक क्रियापदात अफरातफरीचा अर्थ असून, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात आखान या इस्राएली माणसाच्या अपहारासाठी तेच योजिले आहे. मला सर्वाधिक विदारक वाटते ते हे, की सुमारे तीन तासांनी आलेल्या सप्पीरेला, पतीच्या मृत्यूची वार्ताही नसताना, विक्रीच्या किमतीविषयी विचारले गेले, म्हणजे सत्य बोलण्याची मुभा तिला अद्याप होती. तिने होकार दिला तेव्हा पतीला पुरून परतलेले तरुण दाराशी पोचले होते.